बहात्तर तास आणि रक्ताचा रिपोर्ट: डोक्याला मार लागलेला पेशंट वाचेल का, हे तपासणीवरून किती कळतं?

संभाजीनगरची घाटी असो, नांदेडची विष्णुपुरी असो की अंबाजोगाई, आयसीयूच्या दारात उभ्या असलेल्या नातेवाइकांना पहिल्या दिवशी बहुतेक एकच उत्तर मिळतं: "बहात्तर तास काही सांगता येत नाही." उसाचा हंगाम सुरू झाला की बीड-धाराशिवकडे हे वाक्य जरा जास्तच ऐकू येतं. रिफ्लेक्टर नसलेल्या दोन ट्रॉल्या, रात्रीचा अंधार आणि मागून बिनहेल्मेटची दुचाकी. डॉक्टर उत्तर टाळतायत असं वाटतं, पण तसं नसतं. मार एकदाच बसतो, नुकसान मात्र दोन टप्प्यांत होतं. आपटल्याक्षणी पेशी फाटतात, नसा ताणल्या जातात, रक्तवाहिन्या तुटतात. हे झालं ते झालं. त्यानंतर दोन-चार दिवस सूज वाढते, रक्ताची गाठ मोठी होते, कवटीतला दाब चढतो आणि धडधाकट राहिलेल्या भागालाही रक्त पुरेनासं होतं. पहिल्या दिवशी उत्तर द्यायचं म्हणजे अजून न घडलेल्या दुसऱ्या टप्प्याबद्दल बोलायचं.

अशात कुणीतरी मोबाइलवर वाचलेलं असतं की मेंदूचा मार आता रक्तावरून कळतो. मग प्रश्न येतो, "साहेब, ती तपासणी करून टाका ना, एकदाचं कळू द्या." तपासणी खरी आहे, तिच्यामागचं संशोधनही भक्कम आहे. पण "एकदाचं कळू द्या" हे काम ती करत नाही. शिवाय आपल्या भागात पेशंटचं भवितव्य खरोखर हलवणाऱ्या रक्ततपासण्या जुन्याच आहेत, तालुक्याच्या लॅबमध्येही होणाऱ्या. त्या वेळेवर आणि नीट केल्या जात नाहीत, हे दुखणं मोठं आहे.

मेंदूतलं प्रथिन रक्तात कसं येतं

मेंदूच्या पेशींमध्ये काही प्रथिनं अशी असतात की एरवी रक्तात त्यांचा नुसता मागमूस असतो. पेशी फुटली आणि मेंदू व रक्त यांच्यामधला पडदा सैल झाला की ती रक्तात झिरपतात. जितकं नुकसान जास्त, साधारण तितका आकडा मोठा. यांतली दोन सध्या सगळ्यात महत्त्वाची आहेत. जीएफएपी हे चेतापेशींना आधार देणाऱ्या तारकापेशींमधून येतं. यूसीएच-एल१ हे थेट चेतापेशींच्या आतलं. मोजमाप पिकोग्रॅममध्ये होतं. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. त्यामुळे साध्या यंत्रावर ते दिसतच नाही.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या जोडीच्या तपासणीला पहिली मान्यता दिली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. २०२४ मध्ये पेशंटच्या खाटेजवळ पंधराएक मिनिटांत उत्तर देणाऱ्या हातातल्या यंत्रालाही मान्यता मिळाली. मात्र ही मान्यता कशासाठी आहे ते नीट पाहायला हवं. मार सौम्य वाटतोय, पेशंट बोलतोय, मग सीटी स्कॅन करायचा की नाही, एवढं ठरवण्यासाठी ती आहे. दोन्ही आकडे ठरलेल्या रेषेखाली असतील तर स्कॅनमध्ये दिसणारी इजा असण्याची शक्यता फारच कमी. ज्या अभ्यासावर ही मान्यता उभी आहे त्यात १,९५९ पेशंट होते आणि स्कॅनमध्ये इजा दिसलेल्यांपैकी ९७.६ टक्के लोकांना तपासणीने पकडलं होतं. उलट बाजू तितकी चांगली नाही. तपासणी 'पॉझिटिव्ह' आली तरी पुष्कळांचा स्कॅन स्वच्छ निघतो. जगण्या-मरण्याचा अंदाज हा या तपासणीचा वेगळा, नंतर अभ्यासलेला उपयोग आहे.

आकडा कोणत्या तासाचा?

इथे सगळ्यात जास्त गल्लत होते. यूसीएच-एल१ झपाट्याने चढतं, साधारण आठव्या तासाला शिखर गाठतं आणि दोन दिवसांत बरंच उतरतं. जीएफएपी सावकाश चढतं, वीसएक तासांनी शिखरावर जातं आणि आठवडाभर रेंगाळतं.

आता आपल्याकडचा नेहमीचा क्रम बघा. गेवराईजवळ रात्री नऊला अपघात. दहाला ग्रामीण रुग्णालय, मध्यरात्री बीडचं जिल्हा रुग्णालय, तिथून १०८ ने संभाजीनगर, पहाटे चार. भरती, कागद, स्कॅन, आणि रक्त काढलं सहाला. म्हणजे मार लागून नऊ तास झालेत. यूसीएच-एल१ शिखराच्या आसपास आहे, जीएफएपी अजून चढतंय. त्याच माणसाचं रक्त त्याच दिवशी रात्री नऊला काढलं असतं, तर यूसीएच-एल१ निम्म्याच्या खाली आणि जीएफएपी शिखराजवळ दिसलं असतं. पेशंट तोच, मार तोच, दोन रिपोर्ट मात्र दोन वेगळ्या माणसांचे वाटावेत असे. "काल जास्त होतं, आज कमी आलं, म्हणजे सुधारणा आहे" हा निष्कर्ष म्हणूनच फसवा ठरतो. अपघाताची वेळ आणि रक्त काढल्याची वेळ, दोन्ही लिहिलेल्या नसतील तर या आकड्याला अर्थ नाही.

एस१००बी नावाचं जुनं प्रथिन याबाबतीत आणखी नाजूक. स्कँडिनेव्हियातल्या डॉक्टरांच्या २०१३ च्या नियमावलीत ते आहे, पण मार लागल्यापासून सहा तासांच्या आतच, कारण रक्तातून ते फार लवकर निघून जातं. शिवाय ते चरबी आणि कूर्चेतूनही येतं. मांडीचं हाड मोडलेल्या पेशंटमध्ये मेंदू शाबूत असतानाही ते वाढलेलं दिसू शकतं. आपल्याकडे सहा तास रस्त्यातच जातात, आणि दुचाकीच्या अपघातात पाय मोडलेला नसेल असा पेशंट शोधावा लागतो!

एनएसई नावाचं आणखी एक प्रथिन काही लॅबमध्ये होतं. ते तांबड्या पेशींमध्येही भरपूर असतं. बारीक सुईतून जोराने रक्त ओढलं, नळी खळाखळा हलवली की तांबड्या पेशी फुटतात आणि एनएसई फुगतं. नळीतलं वरचं पाणी गुलाबी दिसत असेल तर तो आकडा सोडून द्यावा.

०.८७ म्हणजे नेमकं काय

जगण्या-मरण्याच्या अंदाजाबद्दलचा ठळक अभ्यास 'ट्रॅक-टीबीआय' या अमेरिकी प्रकल्पातून २०२२ मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त आला. १,६९६ पेशंटचं रक्त मार लागला त्याच दिवशी घेतलं आणि सहा महिन्यांनी त्यांची अवस्था तपासली. मृत्यू ओळखण्याची क्षमता जीएफएपीसाठी ०.८७ आणि यूसीएच-एल१ साठी ०.८९ निघाली.

हे ८७ टक्के अचूक असं वाचू नये. अर्थ असा: पुढे दगावलेला एक आणि वाचलेला एक, अशी कोणतीही जोडी उचलली, तर १०० पैकी ८७ जोड्यांमध्ये दगावलेल्याचा आकडा जास्त असेल. नाणं उडवून ठरवलं तर ५० जोड्या बरोबर येतात. म्हणजे ०.८७ हा चांगलाच आकडा आहे. पण त्याच अभ्यासात "पूर्ण पूर्वीसारखा होईल का" या प्रश्नावर हीच तपासणी ०.६२ च्या आसपास अडकली, नाण्यापेक्षा जेमतेम बरी. घरच्यांना खरं तर तेच विचारायचं असतं: शेतात जाईल का, गाडी चालवेल का, लेकराबाळांना ओळखेल का. तिथे पहिल्या दिवसाचं रक्त जवळपास गप्प आहे.

एका माणसाला हा आकडा का लावता येत नाही, ते एक हिशोब करून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतलेत. समजा गंभीर मार लागलेले १०० पेशंट आहेत आणि त्यातले ३० दगावणार आहेत. तपासणी दगावणाऱ्यांपैकी ८० टक्के ओळखते आणि वाचणाऱ्यांपैकी २० टक्क्यांना चुकून 'धोका' म्हणते. मग ३० पैकी २४ जणांवर 'धोका' असा शिक्का बसेल, आणि वाचणाऱ्या ७० पैकी १४ जणांवरही बसेल. शिक्का बसलेले एकूण ३८, त्यातले १४ वाचणार. अशा रिपोर्टवरून उपचार थांबवले तर ते १४ लोक आपण मारले असं होईल.

वय आणि इतर आजार यांचाही गोंधळ असतो. म्हाताऱ्या माणसात जीएफएपी मुळातच थोडं जास्त असतं. मेंदूत रक्तस्राव होऊन चक्कर आली आणि म्हणून माणूस पडला, तर जीएफएपी त्या रक्तस्रावानेही चढतं. मार आधी की झटका आधी, हे आकडा सांगत नाही.

तालुक्याच्या लॅबमधल्या तपासण्या

डोक्याच्या माराचा अंदाज बांधणारी दोन सूत्रं जगभर वापरली जातात, 'क्रॅश' आणि 'इम्पॅक्ट'. दोन्ही इंटरनेटवर फुकट आहेत. वय, ग्लासगो स्कोअर (डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांवरून दिलेले शुद्धीचे गुण; इम्पॅक्टमध्ये त्यातला हातपाय हलवण्याचा भाग), डोळ्यांच्या बाहुल्या आणि स्कॅन, यांवर ती चालतात. इम्पॅक्टच्या सगळ्यात विस्तृत आवृत्तीत रक्ताच्या फक्त दोन तपासण्या आहेत: साखर आणि हिमोग्लोबिन. ज्या दोन गोष्टी कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात होतात, त्याच.

साखरेपासून सुरुवात करू. बेशुद्ध पेशंट दिसला की ग्लुकोमीटर आधी, बाकी नंतर. मधुमेही माणूस साखर घसरल्यामुळे गाडीवरून पडलेला असू शकतो. ७० च्या खाली साखर असेल तर बेशुद्धीचं कारण तेही असू शकतं आणि ते मिनिटांत दुरुस्त होतं. उलट मोठ्या मारानंतर शरीर ताणाखाली साखर वाढवतं आणि २०० च्या वर गेलेली साखर वाईट परिणामाशी जोडलेली दिसते. पण इन्सुलिनने ती खेचून १०० पर्यंत खाली आणणं धोक्याचं, कारण मेंदूला इंधन कमी पडतं. म्हणून साधारण १४० ते १८० च्या दरम्यान ठेवतात. अशा पेशंटला ताकदीसाठी म्हणून डेक्स्ट्रोजची सलाईन लावू नये. साखर घसरलेली असेल तेवढाच अपवाद.

हिमोग्लोबिन कमी म्हणजे मेंदूला ऑक्सिजन कमी. आपल्या भागात बऱ्याच बायकांचं हिमोग्लोबिन अपघाताआधीच नऊ-दहा असतं, त्यात मांडीचं हाड मोडून लिटरभर रक्त आतल्या आत गेलेलं. किती खाली गेल्यावर रक्त चढवायचं यावर २०२४ मध्ये दोन मोठे अभ्यास आले. 'हेमोशन'मध्ये १० आणि ७ या दोन मर्यादांमध्ये ठळक फरक दिसला नाही. 'ट्रेन'मध्ये ९ ची मर्यादा ७ पेक्षा सरस ठरली. त्यामुळे "सातपर्यंत थांबू" हा सरधोपट नियम मेंदूच्या पेशंटला आता तितकासा लागू धरत नाहीत.

मग रक्त गोठण्याची तपासणी. माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित हीच. फाटलेल्या मेंदूतून असे घटक रक्तात येतात की गोठण्याची साखळी उगाच पेटते आणि सामान संपून जातं. मग आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) वाढतो, प्लेटलेट घटतात, फायब्रिनोजेन (रक्ताची गाठ बांधणारं प्रथिन) खाली येतं. पहिल्या स्कॅनमध्ये छोटी दिसलेली गाठ सहा तासांनी मोठी का झाली, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. आयएनआर वाढलेला, प्लेटलेट एक लाखाच्या खाली, अशा पेशंटचा स्कॅन लवकर पुन्हा करतात, आणि प्लाझ्मा-प्लेटलेटची तयारी आधीच ठेवतात. एक फट लक्षात ठेवावी: ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याचा आयएनआरही नॉर्मल येतो आणि प्लेटलेटची संख्याही. प्लेटलेट असतात, पण काम करत नाहीत. हे रिपोर्टमध्ये दिसत नाही, गोळ्यांच्या पाकिटावरूनच कळतं.

रक्तस्राव थांबवणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचा 'क्रॅश-३' अभ्यास २०१९ चा, १२,७३७ पेशंटचा. मार लागल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तर सौम्य ते मध्यम इजेत फायदा दिसला. या इंजेक्शनला रिपोर्टची वाट पाहावी लागत नाही. उलट स्टिरॉइड: 'क्रॅश' अभ्यासात मिथाइलप्रेडनिसोलोन दिलेल्यांपैकी दोन आठवड्यांत २१.१ टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी १७.९ टक्के. "सूज उतरायला" म्हणून डोक्याच्या मारात स्टिरॉइड देणं त्यानंतर थांबायला हवं होतं. शिवाय स्टिरॉइडने साखर चढते आणि पांढऱ्या पेशींचं गणितही बिघडतं.

ते गणित म्हणजे साध्या सीबीसीतले (रक्तपेशींच्या मोजणीतले) न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट, हे पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार. धडधाकट माणसात हा भागाकार एक ते तीनच्या आसपास असतो. मोठ्या मारानंतर तो चढतो आणि जितका चढलेला राहील तितका परिणाम वाईट, असं अनेक अभ्यासांत दिसतं. पण जंतुसंसर्गानेही तो चढतो. एकट्या आकड्यावर भिस्त ठेवू नये.

सोडियम दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून खेळ करतं. नॉर्मल १३५ ते १४५. खाली घसरलं की पाणी मेंदूच्या पेशींत शिरतं आणि सूज वाढते. काल डोळे उघडणारा पेशंट आज सुस्त होतो. सूज उतरवणारं मॅनिटॉल किंवा तीन टक्क्यांची सलाईन चालू असेल तर उलट वर चढतं, म्हणून रोज, गंभीर असेल तर दिवसातून दोन-तीनदा बघावं लागतं. सोबत क्रिॲटिनिन, कारण मॅनिटॉलचा भार मूत्रपिंडावर पडतो. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं धमनीतलं रक्त तपासताना कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५ मध्ये आहे ना, हे पाहतात. वाढला तर मेंदूच्या रक्तवाहिन्या फुगतात आणि दाब चढतो. फार कमी झाला तर त्या आवळतात आणि रक्तच कमी पोचतं.

या सगळ्या तपासण्यांचा आकडा वाईट आला तर काहीतरी करता येतं, हे त्यांचं वैशिष्ट्य. जीएफएपी मोठा आला तर जीएफएपीवर औषध नाही.

नमुना बिघडतो कसा

चुकीचा रिपोर्ट नसलेल्या रिपोर्टपेक्षा वाईट. ज्या हाताला सलाईन चालू आहे त्याच हाताचं रक्त काढलं की हिमोग्लोबिन खोटं कमी येतं, आणि डेक्स्ट्रोज चालू असेल तर साखर सहाशे. दुसऱ्या हाताचं काढावं. ते जमत नसेल तर सलाईन दोनेक मिनिटं बंद करून, सुईच्या खालच्या बाजूने.

निळ्या झाकणाची नळी गोठण्याच्या तपासणीची. तिच्यात सायट्रेटचं पाणी आधीच भरलेलं असतं, एक भाग पाणी आणि नऊ भाग रक्त या हिशोबाने. ही नळी खुणेपर्यंतच भरायची. घाईत निम्मी भरली की सायट्रेट जास्त होतं आणि आयएनआर खोटा वाढून येतो. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त निळीत ओतून भर घालणं तर साफ चूक. भरल्यावर तीन-चार वेळा हळूच उलटी-सुलटी करायची, झटकायची नाही.

साखरेची नळी करड्या झाकणाची, कारण तिच्यात फ्लोराइड असतं. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातली साखर पेशी खात राहतात, तासाला पाच ते सात टक्के कमी होते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. परभणीच्या मे महिन्यात गाडीच्या डिक्कीतून दोन तास फिरून लॅबला पोचलेल्या नमुन्याची साखर आणि पोटॅशियम, दोन्हींवर विश्वास ठेवू नये. धमनीच्या रक्ताच्या सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर ऑक्सिजन-कार्बनचे आकडे बदलतात. बुडबुडा लगेच काढून, झाकण लावून, पंधरा-वीस मिनिटांत यंत्रावर.

मग बहात्तर तासांचं काय

मेंदूच्या गंभीर इजेत पहिल्या बहात्तर तासांत, काही अगदी उघड अपवाद सोडले तर, "आता काही होणार नाही" असा निर्णय घेऊ नये, हे आयसीयूच्या डॉक्टरांचं जगभरातलं मत आहे. कारण साधं आहे. रिपोर्ट वाईट म्हणून उपचार ढिले केले की पेशंट दगावतो, आणि रिपोर्ट बरोबर होता असं सगळ्यांना वाटतं. त्या काळात सेडेशन (झोपेचं औषध) उतरवून हातपाय किती हलतात ते बघतात, बाहुल्या दिवसातून कितीतरी वेळा बघतात, स्कॅन पुन्हा होतो. ग्लासगो स्कोअर दारूने खोटा कमी दिसतो, झोपेच्या इंजेक्शनने दिसतो, घशात नळी असेल तर बोलण्याचे गुणच देता येत नाहीत. रक्तातल्या प्रथिनाची खरी जागा इथे आहे: तपासून काही ठरवता येत नाही अशा पेशंटमध्ये, बाकीच्या चिन्हांच्या सोबतीला. २०२५ मध्ये मांडलेल्या नव्या वर्गीकरणात पेशंटची अवस्था, रक्तातली प्रथिनं, स्कॅन आणि वय-इतर आजार अशा चार बाजू एकत्र धरल्या आहेत.

रेफर करताना चिठ्ठीवर अपघाताची वेळ, पहिला ग्लासगो (डोळे, बोलणं, हालचाल वेगवेगळे), दोन्ही बाहुल्या, सगळ्यात कमी गेलेला रक्तदाब, ग्लुकोमीटरचा आकडा, दिलेली इंजेक्शनं आणि त्यांच्या वेळा एवढं असावं. वरचा रक्तदाब एकदा जरी ९० च्या खाली गेला असेल तरी ते लिहावं, कारण मृत्यूचा धोका त्याने मोठ्या प्रमाणात वाढतो. घरच्यांनी पेशंटच्या नेहमीच्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून आणावीत. पाकिटं सापडत नसतील तर गावातल्या मेडिकलवाल्याला फोन करून "आमचे अण्णा रक्त पातळ करायची गोळी घेतात का" एवढं विचारून १०८ मधल्या डॉक्टरांना सांगावं.